पाचव्या उद्गाराची तहान

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्या नांदेडच्या मंडळीत सातजण बोलतात. प्रभूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर एकेक जण. अकरा वर्षं पहिला उद्गार, ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’ हा क्षमेचा, माझ्याकडे होता. आवाज कुठं कापरा करायचा, चष्मा कुठं काढायचा, मला पाठ होतं. मी चष्मा काढला की बायकांच्या पर्समधून रुमाल निघत. यंदा पाळकसाहेबांनी पहिला उद्गार सुमनबाईंना दिला आणि मला पाचवा, तहानेचा.

सुमनबाई एका दवाखान्यात फरशी पुसायचं काम करतात आणि बोलताना अडखळतात. त्या रविवारी भक्तीनंतर चहाच्या वेळी मी त्यांची नक्कल केली. ‘क्ष... क्ष... क्षमा.’ लोक पोट धरून हसले आणि एकदम गप्प झाले. माझ्या मागं सुमनबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पहिला कप मलाच दिला.

तो चहा मला चार दिवस पचला नाही. माफी मागावी असं वाटे, आणि लगेच वाटे, मी? यांची? घरात येरझारा घालून बायकोचं डोकं उठवलं. शेवटी गुरुवारी पिशवी भरली आणि निलंग्याला बहिणीकडे निघालो. माझ्यावाचून शुक्रवार कसा पार पडतो ते कळू दे सगळ्यांना.

लोह्याच्या पुढं बस बंद पडली. हा चमत्कार होता असं मी म्हणत नाही. ड्रायव्हर म्हणाला पट्टा तुटला. ऊन मी म्हणत होतं, आणि पाण्याची बाटली रागाच्या भरात घरीच राहिली होती. तासाभरात घसा सुकला. रस्त्याकडेला एक घर होतं, दारात निळा झेंडा, ओसरीत एक म्हातारी ज्वारी पाखडत बसलेली. मी पाणी मागितलं. ती कळशी घेऊन आली. “तांब्या-पेले भाकरीसंगं रानात गेलेत. बसा, वंजळ धरा, मी वतते.”

माझे हात पुढं होईनात. आजोबांना गावात असंच, वरून ओतून पाणी मिळायचं. वडील सांगत, तहानेनं मर, पण ओंजळीनं पाणी पिऊ नको. म्हातारीला ते माझ्या तोंडावर दिसलं असावं.

“आमच्या सासऱ्यालाबी तसंच पाजायचे,” ती म्हणाली. “आज तांब्या न्हाई म्हणून हाय हे. बसा गुमान.”

मी उकिडवा बसलो. पाणी कोपरापर्यंत ओघळलं, शर्ट भिजला, तरी मी तीनदा ओंजळ पुढं केली. कुणी वाकवणं वेगळं आणि आपण वाकणं वेगळं, हे पन्नाशी ओलांडल्यावर मला त्या ओसरीत कळलं. मग मनात आलं, प्रभूनं तरी तहान कुणापुढं बोलून दाखवली? खाली उभं राहून त्याची थट्टा करणाऱ्यांपुढं. अकरा वर्षं तो उद्गार मी घड्याळ बघत ऐकला होता.

समोरून नांदेडची बस आली, तिच्यात चढलो. वाटेत माफीचं सुंदर भाषण जुळवलं. सुमनबाईंच्या दारात त्यातला एक शब्द आठवेना. “बाई, चुकलो,” एवढंच निघालं.

त्यांनी मला खुर्ची दिली. म्हणाल्या, “नक्कल झकास करता भाऊ. पण चुकली. मी ‘क्षमा’वर न्हाई अडखळत. ‘बापा’ म्हणताना अडखळते. तिथं गळा दाटतो.”

शुक्रवारी त्या तिथंच अडखळल्या. सगळी मंडळी थांबून राहिली. मी चष्मा काढला. यंदा खरोखर काढावा लागला. माझी पाळी आली तेव्हा त्या कळशीची गोष्ट सांगितली आणि दोन मिनिटांत खाली बसलो. पाळकसाहेबांनी दचकून घड्याळ पाहिलं.

प्रभूचे आभार मानतो, त्या म्हातारीचे, आणि तुटलेल्या पट्ट्याचेही. नक्कल करायची खुमखुमी काही गेलेली नाही. ती उसळली की स्वयंपाकघरात जाऊन नळाखाली ओंजळ धरतो. बायको म्हणते, आता शर्ट बदला.