न ऐकता केलेली सही

शमू गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंडईत होतो. मेथीची जुडी उलटीपालटी करून बघितली म्हणून भाजीवाली मला फैलावर घेत होती, आजूबाजूला नेहमीचा कलकलाट, आणि त्यात फोन वाजला. पलीकडून रिबेका, म्हणजे शमूची मुलगी, काहीतरी बोलली. मला धड कळलं नाही. "मंडईत आहे गं, नंतर करतो," म्हणून मी फोन ठेवून दिला. दोन मिनिटांत पुन्हा तिचाच फोन. या वेळी ती ओरडूनच म्हणाली, "काका, बाबा गेले." सकाळी चहा पिता पिता… काही त्रास नाही, तक्रार नाही. मी जुडी तिथंच टाकली आणि रिक्षा करून बोपोडीला त्याच्या घरी पोचलो. त्याला आता दीड महिना झाला. मी काही लेखक नाही, जन्मभर मशिनं दुरुस्त केली. पण शमुवेल साळवे या माझ्या मित्राच्या बाबतीत माझ्या हातून एक गोष्ट घडली आहे, ती मी त्याला कधी सांगितली नाही, आणि आता सांगायला तो नाही. म्हणून वर्तमानपत्राच्या या पुरवणीत चारचौघांत कबूल करतोय.

खडकीच्या एका कारखान्यात आम्ही दोघं एकतीस वर्षं मेन्टेनन्सला होतो. आमच्या सेक्शनमध्ये एक दंडक होता. ज्यानं मशिन उघडून बेअरिंग बदललं, त्यानं ते स्वतः पास करायचं नाही. दुसऱ्यानं यायचं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या मशिनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आतून काय आवाज येतो ते ऐकायचं. खरखर आली, बारीक शिट्टी आली, तर काम परत. सगळं ठीक असेल तर कार्डावर सही. आपल्या कामातली खोट आपल्या कानाला कळत नाही, इतकं साधं त्यामागचं कारण. शमूचं काम मी ऐकायचो, माझं तो. "काय म्हणतंय रे दत्तू?" "रडतंय. खोल परत." की तो माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा आणि निमूटपणे पाना हातात घ्यायचा. साहेबाचा फोन येवो नाहीतर आणखी कुणाचा, ऐकल्याशिवाय सही नाही म्हणजे नाही. या एका गोष्टीचा आम्हा दोघांना फार माज होता.

शमूला हार्ड रॉकचं वेड लागलं ते त्याच्या मावशीमुळे. ती परदेशात नर्स होती. तिनं एका नाताळाला त्याला एक कॅसेट पाठवली. कव्हरवर लांब केसांचे, चामडी जाकिटं घातलेले चार बाप्ये, आणि गाणी सगळी येशूची! शमूचे वडील चर्चचे जुने पंच, पेटी-तबल्यावर भजनं म्हणणारे. त्यांनी ती कॅसेट ऐकली आणि कपाळाला हात लावला. शमू कॅसेटबरोबरचा गाण्यांचा कागद पुढे करून सांगतोय, "अप्पा, बघा ना, प्रत्येक ओळीत प्रभूचं नाव आहे." अप्पा म्हणाले, "असेल. पण एवढ्या गोंगाटात त्या बिचाऱ्याला ऐकू तरी येतंय का?" शमू हा किस्सा सांगून स्वतःच पोट धरून हसायचा. दर रविवारी उपासना आटोपली की तो मला क्वार्टरवर बोलवायचा आणि ती कॅसेट लावायचा. मी बसायचो, पण खरं सांगायचं तर चहासाठी आणि वहिनींच्या हातच्या करंज्यांसाठी. माझे कान भीमपलास आणि मारव्यावर वाढलेले. तो डोळे मिटून मान हलवायचा आणि मी भिंतीवरचं घड्याळ बघायचो. आणखी एक गोष्ट होती, ती आता लपवत नाही… दुसऱ्याच्या देवाचं गाणं एवढ्या जोरात कानावर आदळलं की मी आतून अंग चोरून घ्यायचो. मित्र म्हणून माझा जीव होता त्याच्यावर, पण त्याच्या या बाजूला मी कधी पाऊल टाकलं नाही.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत शमूचे कान गेले. म्हणजे बहिरा नव्हता झाला, बोलणं सगळं कळायचं. पण वरचे, बारीक आवाज त्याच्यासाठी संपले. कान तपासायच्या खोलीत हेडफोन लावून बसवतात, आवाज आला की बटण दाबायचं असतं. शमू ढिम्म बसून राहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, "चिमण्या गेल्या रे माझ्या." हसत म्हणाला. तेव्हापासून मशिनमधली बारीक शिट्टी त्याच्या वाटची मीच ऐकायचो आणि त्याला हळूच खुणेनं सांगायचो. हे सेक्शनमध्ये कुणालाही माहीत नव्हतं, घरीही त्यानं सांगितलं नाही. माहीत होतं फक्त मला.

रिटायर झाल्यावर लोक पहाटे फिरायला जातात, नातवंडं सांभाळतात. शमूनं बँड काढला! चर्चमधली कॉलेजात जाणारी दोन पोरं धरली, एक ड्रमवर, एक बेसवर, आणि विजेची गिटार व गाणं स्वतःकडे. दोन वर्षं खपून नऊ गाण्यांचा अल्बम केला, सगळा मराठीत. बोपोडीच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून रेकॉर्डिंग. पोरांच्या परीक्षा आल्या, तेव्हा सगळे आवाज जुळवून, कुठला किती ठेवायचा ते ठरवून गाणी पक्की करायचं कामही यानंच केलं, एकट्यानं, हेडफोन लावून. आणि एक दिवस माझ्या दारात हजर. हातात पेनड्राइव्ह. "दत्तू, उघडून बसवलंय मी. आता तू ऐक. बारीक आवाजांचं मला काही कळत नाही, ते तुला ठाऊकच आहे. पुढच्या शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवलाय, त्याच्या आत सांग." खिशातून कारखान्याचं एक जुनं कोरं कार्डही काढलं पठ्ठ्यानं, कुठून जपून ठेवलं होतं देव जाणे. "पास असेल तर यावर सही."

मी ऐकलं नाही. पेनड्राइव्ह लावला, गिटारची पहिली किंकाळी आली, अर्धं मिनिट झालं असेल नसेल, मी बंद केलं. म्हटलं, उद्या ऐकू. उद्या पाहुणे आले. परवा कंटाळा केला. गुरुवारी सकाळी तो रस्त्यात भेटला आणि लहान मुलासारखं तोंड करून विचारलं, "काय म्हणतंय?" मी म्हटलं, "एकदम ओके. कुठं काही नाही." आणि खिशातलं कार्ड त्याच्या पाठीवर ठेवून सही करून दिली. जन्मभरात न ऐकता केलेली ती माझी एकच सही.

शनिवारी संध्याकाळी हॉल भरला होता. मी तिसऱ्या रांगेत. शमूनं काळा शर्ट घातला होता, तोही इस्त्री करून. आधी अल्बम वाजवायचा, मग दोन गाणी प्रत्यक्ष गायची, असा बेत. पहिलं गाणं सुरू झालं आणि मला दरदरून घाम फुटला. गाण्याचा दोष नव्हता. झांजांचा, गिटारचा वरचा आवाज असा चढवून ठेवला होता की कानात सुया टोचाव्यात. त्याला स्वतःला ऐकू येईना म्हणून त्यानं तो वाढवत नेला होता, दुसरं काय होणार! पहिल्या मिनिटातच मला कळलं. बायकांनी पदर कानाला लावले, एक तान्हं मूल रडायला लागलं, मागच्या बाकावरची पोरं फिदीफिदी हसली. भिंतीजवळ साउंडचं यंत्र होतं, माझ्यापासून दहा पावलांवर. उठून एक बटण डावीकडे फिरवलं असतं तर सगळं निभावलं असतं. पण मी उठलो असतो तर शमूला कळलं असतं की मी घरी ऐकलंच नाही… मी बसून राहिलो. स्टेजवरून त्यानं माझ्याकडे बघितलं. भुवया वर करून, आमच्या सेक्शनमध्ये विचारायचा तसं, काय म्हणतंय? आणि मी मान हलवली. ठीक आहे म्हणून!

तिसऱ्या गाण्यानंतर पाळकसाहेबांनी मोठ्या सौजन्यानं चहा जाहीर केला. चहानंतर कुणी खुर्च्यांवर परत आलं नाही. प्रत्यक्ष गाणी राहूनच गेली.

त्यानंतर पाच वर्षं आम्ही रोज भेटलो. क्रिकेट, पेन्शन, गुडघे, सगळ्यावर बोललो, त्या संध्याकाळवर एक अक्षर नाही. गिटार त्यानं पलंगाखाली सारली. मी एकदा चाचरत म्हटलं, "दुसरा अल्बम काढ की रे." तो म्हणाला, "अरे सोड, हौस होती, फिटली." त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं, मी तिथंच पाय धरले असते. पण राग नव्हता. मग आज सांगू, उद्या सांगू, असं करत मी दिवस ढकलले. मला वाटायचं, त्याला सगळं कळलंय आणि मोठ्या मनानं तो मला सांभाळून घेतोय. या समजुतीवर मी पाच वर्षं रेटली.

तो गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, दुपारी, मी तो पेनड्राइव्ह शोधून काढला. माझ्या जुन्या अॅम्प्लिफायरला लावला, ट्रेबल, म्हणजे वरचे बारीक आवाज, पार खाली आणलं आणि बसलो. काय सांगू! सुया गेल्या आणि आतून गाणी बाहेर आली. एका गाण्यात समुद्रावर वादळ उठलंय, शिष्य घाबरलेत आणि येशू होडीत झोपलाय. शमू भसाड्या आवाजात जीव तोडून ओरडतोय, "गुरुजी, होडी बुडतेय, उठा की!" मला हसू आलं आणि हसता हसता रडूच फुटलं. पाचव्या गाण्याचा ठेका ऐकून तर मी ताडकन उभा राहिलो. एक दणका, थांबा, दोन दणके… आमच्या सेक्शनमधल्या जुन्या पॉवर प्रेसची, पत्रा दाबणाऱ्या मशिनची चाल! तिच्यावर त्यानं चक्क प्रार्थना बसवली होती. जगात हा ठेका ओळखणारी दोनच माणसं, एक तो आणि एक मी, आणि मी ते गाणं ऐकलं नव्हतं. आमच्या सौ., सुलभाबाई, पोळ्या टाकून बाहेर आल्या. "अहो, कोण गातंय हे?" म्हटलं, "शमू." ती लाटणं हातात धरून गाणं संपेपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, "एवढं छान गायचे भाऊजी? आणि तुम्ही मला एकदाही ऐकवलं नाहीत?"

दुसऱ्याच दिवशी बोपोडीला गेलो आणि रिबेकाला सगळं सांगितलं. सही कशी केली ते, हॉलमध्ये मान कशी हलवली तेही. म्हटलं, "तुझ्या बाबांना माहीत होतं गं सगळं, पण बोलले नाहीत."

"नाही काका," ती म्हणाली, "त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी कार्यक्रमाच्या आधी त्यांना म्हटलं होतं, बाबा, आवाज जरा टोचतोय. तर माझ्यावरच चिडले. म्हणाले, दत्तूनं कान लावून पास केलंय, तू नको शिकवूस. आणि कार्यक्रम फसला त्या रात्री जेवताना आईला म्हणाले, दत्तूनं पास केलंय म्हणजे आवाजात खोट नाही. म्हणजे गाणीच वाईट आहेत माझी."

पाच वर्षं मी त्याच्या मोठ्या मनाच्या सावलीत बसलो होतो, आणि तो बिचारा माझ्या सहीवर विश्वास ठेवून स्वतःलाच नापास करून बसला होता. रिबेकानं पाणी आणून दिलं, जाताना "सावकाश जा काका" म्हणाली. वेगवेगळे आवाज ज्या कॉम्प्युटरवर होते तो कधीच भंगारात गेला, त्यामुळे आता कुणी ठरवलं तरी अल्बम नव्यानं जुळवता येणार नाही. आहे तो तसाच राहणार.

त्या शनिवारी हॉलमध्ये जी मंडळी होती, त्यांतले काहीजण ही पुरवणी वाचत असतील. कानावर पदर घेतलेल्या वहिनी, मागच्या बाकावरची मुलं, पाळकसाहेब… तुमच्यापैकी कुणाचंच चुकलं नाही, पण एवढं करा. रिबेकाकडून ती गाणी मागून घ्या, ती देईल. ट्रेबल सगळं खाली आणा आणि एकदा शांतपणे बसून ऐका. गाणी चांगली आहेत हो त्याची. मी त्याला तसं सांगायला हवं होतं, पण मी ती ऐकलीच नव्हती.