माग आखणारी

रोझविता काल्वाइट तीस वर्षं भल्या सकाळी शेतांतून चालली, पण त्या चालण्याचं बक्षीस तिला कुणी कधी दिलं नाही. बक्षिसं मिळायची ती नवऱ्याला, एकहार्टला. जर्मनीत एल्बे नदीकाठच्या त्या गावात कुत्र्यांचा क्लब होता आणि एकहार्टचे एकामागून एक चार कुत्रे तिथं गाजले.

कुत्र्यांची परीक्षा तीन विषयांची. पावलांचा वास घेत माग काढायचा; मैदानात आज्ञा पाळायच्या आणि अडथळ्यांवरून उड्या मारायच्या; आणि हातावर जाड गादीची बाही चढवून धावून येणाऱ्या माणसाला धरून ठेवायचं, पण ‘सोड’ म्हटलं की त्याच क्षणी सोडायचं. आता माग काढायचा, तर आधी कुणीतरी तिथून चालून जायला नको का? खिशात चामड्याचे, लाकडाचे चार तुकडे घ्यायचे, वळणं घेत जायचं, मध्ये मध्ये एकेक ठेवायचा, आणि शेवटचा ठेवला की मागं न वळता पुढं निघून जायचं. तासाभरानं कुत्रा येतो. तुकडा सापडला की त्याच्यापुढं पाय पसरून बसतो, आणि मालक तो तुकडा उचलून परीक्षकाला उंच धरून दाखवतो. हे आधी चालून जायचं काम रोझविताचं. दवात, चिखलात, गुडघा ठणकत असतानासुद्धा.

फेब्रुवारीत एकहार्ट गेला. जाण्याआधी रुग्णालयात त्यानं क्लबाच्या अध्यक्षाला, डेटलेफला, सांगितलं, “बाल्डो योर्नला द्या. रोझविताला झेपायचा नाही.”

ती तिथंच खिडकीशी उभी होती. मरणाऱ्या माणसाशी काय भांडायचं? पण ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं.

बाल्डो सहा वर्षांचा, कुरळ्या तांबूस केसांचा, एअरडेल जातीचा; एकहार्टचा चौथा कुत्रा. तिन्ही विषयांत तरबेज. योर्न म्हणजे क्लबातलाच, शेजारच्या गावातला कौलं घालणारा, हाताचा हुशार गडी. डेटलेफ कुत्र्याचं विचारायला आला तेव्हा रोझवितानं कॉफी ओतली आणि सरळ सांगितलं, “ऑक्टोबरच्या परीक्षेला मी उतरते. तिन्ही विषयांत सत्तर-सत्तर गुण मिळाले तर कुत्रा माझा. एकात जरी कमी पडले तरी योर्ननं न्यावा. मी हूं की चूं करणार नाही.”

“अगं, कशाला हट्ट करतेस? जन्मात कधी कुत्र्याचा दोर धरला नाहीस तू.”

“मग? एकहार्ट काय आईच्या पोटातून दोर धरून आला होता?”

डेटलेफनं कपाळाला हात लावला. पण शब्द ठरला.

उन्हाळाभर ती खपली. आवाज मुळातला बारीक. तो सुटावा म्हणून घरामागं उभी राहून ‘सोड! सोड!’ असं ओरडायची, शेजारची कोंबडी बिथरायची. बाही चढवून धावून यायला योर्नच यायचा. ती हरली तर कुत्रा आपल्याला मिळणार हे ठाऊक असून यायचा, हे सांगायला हवं. माग मात्र ती एकटीच करायची. स्वतः आखायचा, तासभर थांबायचं आणि मग बाल्डोमागं चालायचं. तो एकदाही चुकला नाही.

योर्ननं एकदा बघितलं आणि म्हणाला, “रोझविता, तू सांगतेस त्याला.”

“मी तोंड तरी उघडलं का?”

“तोंडानं नाही, हातानं. वळण आलं की तुझा दोर ढिला पडतो. आपणच आखलेला माग आपणच काढू नये. मी आखून देतो, चल.”

“तुझे उपकार नकोत मला.”

झालं. बाई एकदा नाही म्हणाली की नाहीच.

ऑक्टोबरातल्या परीक्षेत शनिवारी मैदानातले दोन विषय झाले. चौऱ्याऐंशी आणि अठ्ठ्याहत्तर. क्लबातले लोक सॉसेज खाता खाता तिच्याकडं कौतुकानं बघत होते. डेटलेफ म्हणाला, “म्हातारे, उद्या फक्त माग!” आणि ती कितीतरी महिन्यांनी हसली.

रविवारी कोवळ्या गव्हाचं शेत. माग आखलेला कुणा परक्यानं. पहिलं वळण झालं, दोन तुकडे सापडले. पुढं विजेचा खांब. तीस वर्षांत या शेतात माग आखणारा प्रत्येकजण खांबाशीच वळलेला तिनं पाहिला होता, ती स्वतःही तिथंच वळायची. बाल्डो मात्र वीस पावलं अलीकडंच डावीकडं वळला.

तिनं दोर आवळला.

कुत्रा थांबला. मान वळवून त्यानं तिच्याकडं पाहिलं, आणि तिला आठवलं. एकहार्टनं या कुत्र्याला पाच वर्षं तिच्या मागावरून चालवलं, पण कुठं वळलीस म्हणून एकदाही आधी विचारलं नव्हतं. तिला वाटायचं, याला आपली कदर नाही. अरे, तो विचारत नव्हता, कारण त्याचा भरवसा होता. कुत्र्याच्या नाकावर, आणि तिच्या पावलांवर. तरी हात सैल होईना.

“बाई, कुत्र्याच्या मागं जा,” परीक्षक म्हणाला.

तेव्हा कुठं तिनं दोर सोडला. बाल्डोनं पुन्हा जमीन हुंगली, पण तिसरा तुकडा घाईत ओलांडून गेला. शेवटचा तेवढा सापडला.

इथल्या रीतीप्रमाणे परीक्षकानं सगळ्यांदेखत निकाल वाचला. “सदुसष्ट. कुत्र्याला नाक आहे. चूक दोराच्या या टोकाला झाली.”

योर्न खाली बघत म्हणाला, “राहू दे गं त्याला तुझ्याकडं.”

“शब्द म्हणजे शब्द,” ती म्हणाली. घरी जाऊन तिनं बाल्डोचं घोंगडं आणि वाटी आणून योर्नच्या गाडीत ठेवली. रडली ती गाडी वळल्यावर.

तीन आठवड्यांनी योर्नचा फोन आला. “माग आखायला कुणी नाही. येतेस?”

क्लबात आखणारे दहा होते. तिला ठाऊक होतं, तरी गेली. आपल्या जुन्या चालीनं माग आखला, शेवटचा तुकडा ठेवला, सरळ पुढं चालत जाऊन कोठारामागं उभी राहिली. आखणाऱ्यानं कुत्र्याला दिसायचं नसतं, हाक मारायची नसते.

बाल्डोनं पहिल्या पावलाला नाक लावलं आणि त्याची आखूड शेपटी थरथरली. एक वळण, दुसरं वळण. शेवटच्या तुकड्यापुढं तो पाय पसरून बसला. माग तिथं संपला. योर्ननं तुकडा उचलला. पण बाल्डो उठला, पुन्हा नाक जमिनीला लावलं आणि पुढं निघाला. दोर ताणला गेला. योर्न क्षणभर थांबला आणि त्यानं दोर हातातून सोडून दिला.

बाल्डो उड्या मारत आला नाही. प्रत्येक पाऊल हुंगत, नेमानं, कोठाराच्या कोपऱ्यावरून वळला आणि तिच्या बुटांपुढं पाय पसरून बसला. हलेना. सापडलं की बसायचं, एवढंच त्याला शिकवलेलं.

योर्न मागून आला. त्यानं रोझविताचा हात मनगटाशी धरला आणि सापडलेला तुकडा दाखवतात तसा उंच केला.

“घोंगडं गाडीतच आहे,” तो म्हणाला. “दोर तू धर. पुढच्या रविवारी माग मी आखतो.”

ती रडत होती. पण या खेपेला तिनं नाही म्हटलं नाही.