घळीत मारलेली हाक

लग्न होऊन मी बोरीला आले तेव्हा नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. माझं माहेर आंबेगाव तालुक्यातलं, घोडनदीच्या काठचं. तिथली जमीन सरळ, नजर टाकावी तिथवर दिसणारी. बोरीत मात्र गाव मागं टाकून कुकडीच्या अंगाला निघालं की चालता चालता जमीन एकदम फाटते. पावसाच्या पाण्यानं कापत कापत नेलेल्या घळी. दोन-दोन पुरुष उंच मातीच्या भिंती, कुठं पिवळसर, कुठं तांबूस, आणि मध्येच पांढऱ्या पिठासारखा एक पट्टा. एका घळीतून दुसरी फुटते, दुसरीतून तिसरी. वरून पाहावं तर बाभळींचे शेंडे तेवढे दिसतात, आणि खाली उतरलं की वरचं जग ऐकूसुद्धा येत नाही.

तो पांढरा पट्टा म्हणजे राख. लांबच्या कुठल्या तरी ज्वालामुखीची, फार जुन्या काळी वाऱ्याबरोबर आलेली, असं ती पाहायला येणारी शहरातली माणसं सांगायची. आमच्या घरात त्या राखेनं भांडी घासत. पितळ असं उजळायचं की हात लावू नये.

या राखेनंच आमचा संसार सुरू झाला म्हटलं तरी चालेल. घर भरलेलं. सासू-सासरे, दीर, नणंदा, येणारे-जाणारे. मोठ्यांसमोर नवऱ्याशी बोलायची पद्धत नव्हती, आणि मोठं कुणी समोर नाही अशी वेळही नव्हती. हे ओतूरला एका दुकानात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. सकाळच्या एसटीनं जायचे, दिवेलागणीला यायचे. महिना झाला तरी यांचा आवाज नीट कसा आहे ते मला सांगता आलं नसतं. मग एका सुट्टीच्या दिवशी सासूबाईंनी मला राख आणायला सांगितलं आणि हे जेवता जेवता खाली मान घालून म्हणाले, "मी जातोच हाय तिकडं. सायकलवर पोतं टाकून आनीन."

सासूबाईंनी पोतं माझ्या हातात दिलं आणि मलाही यांच्याबरोबर धाडलं. त्यानंतर आमच्या घरात भांड्यांना राख फार लागू लागली.

यांना सायकलचं वेड होतं. काळी, उंच, दांडीची सायकल. तिचे मडगार्ड आणि चेनकव्हर काढून टाकलेले, कॅरिअर तेवढं ठेवलेलं. ती घेऊन हे घळीच्या उतारावरून सुसाट सुटायचे. भिंतीवर अर्ध्यापर्यंत चढायचे, वळायचे, पुन्हा खाली. चुनखडीचे खडे चाकाखाली करकरायचे. मग घाम पुसत माझ्याजवळ येऊन बसायचे आणि बोलायचे. दुकानातल्या गोष्टी, लहानपणी इथं हरवलेल्या शेळीची गोष्ट. भिंतीतल्या भोकांमधून हिरवे वेडे राघू निघायचे, हवेत गिरकी घेऊन पुन्हा त्याच भोकात शिरायचे. ऊन भिंतीवरून हळूहळू खाली सरकायचं. किती वेळ गेला हे मला कधी कळलं नाही. अजूनही त्या दुपारी आठवल्या की वाटतं, त्या सगळ्या मिळून एकच लांबच लांब दुपार असावी.

एकदा मार्गशीर्षात आम्ही सकाळीच गेलो. नदीवरून धुकं आलं होतं आणि घळींमध्ये दुधासारखं साचून राहिलं होतं. भिंतींची वरची कड दिसत नव्हती. माती ओली, गार. आपण चालतोय की तरंगतोय असं मला वाटत होतं. हे म्हणाले, "पुढचा उतार बघून येतो, तू हितंच थांब," आणि सायकलवर बसून धुक्यात गेले. चाकांचा आवाज थोडा वेळ आला. मग एकदा धप्पकन काहीतरी वाजलं आणि सगळं शांत झालं.

मी थांबले. धुकं माझ्या पायांभोवती फिरत होतं. मग पुढं निघाले. वाट फुटली तिथं उजवीकडे वळले, ती बंद निघाली. परत आले तर मघाची जागा ओळखू येईना. सगळ्या भिंती सारख्याच. मी हाक मारली, "अहो!"

तो शब्द भिंतींनी उचलला आणि चहूकडून परत दिला. "अहो, अहो." मी पुन्हा ओरडले. या वेळी वरून उत्तर आलं.

"काय गं बाय?"

मान वर करून पाहिलं तर धुक्यात एक घोंगडी दिसली, तिच्यात एक म्हातारा, आणि त्याच्या आजूबाजूला मेंढरांच्या नुसत्या माना. "मला हाक मारतीस का?" त्यानं विचारलं.

"न्हाई बाबा. आमच्या मालकांना. सायकलवरून खाली गेले, ते आलेच न्हाईत."

"मग नाव घे की त्यांचं. अहो म्हनल्यावर मीबी अहो आन् माझा पोरगाबी अहो. त्यो पलीकडनं ओ देत बसल."

मी तशीच उभी राहिले. लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच यांचं नाव मी घेतलेलं. तेही पुटपुटत, बायकांच्या हसण्यात बुडून गेलेलं. हे कुठं पडलेत, कसे पडलेत, ते डोळ्यांसमोर येत होतं, आणि तरी जीभ उचलत नव्हती. म्हाताऱ्यानं तोंड दुसरीकडे वळवलं आणि मेंढरांना उगाच "हुर्र, हुर्र" करू लागला. त्यानं ते माझ्यासाठी केलं हे मला तेव्हाच कळलं.

मी डोळे मिटले आणि नाव घेऊन ओरडले. सगळ्या ताकदीनं. नुसतं नाव, पुढं काही नाही, मागं काही नाही. ते घळीघळीतून गेलं, कुठं जाड झालं, कुठं बारीक झालं, नदीकडे गेलं आणि विरलं.

डावीकडून, अगदी खालून, "ओ" आली.

त्या आवाजावर मी चालत गेले. मध्ये मध्ये पुन्हा नाव घेत, पुन्हा ओ ऐकत. आता ते तोंडाला जड वाटत नव्हतं. एका वळणावर राखेचा पट्टा ढासळला होता, त्याच्या पायथ्याशी हे बसले होते. केसांपासून पायापर्यंत पांढरे. सायकल बाजूला आडवी, चेन उतरलेली. उजवा पाय पुढं धरलेला, घोटा फुगून आलेला. मी काही बोलायच्या आधीच रडू लागले.

"मोडला न्हाई, मुरगाळलाय," हे म्हणाले. मग माझ्याकडे बघत राहिले. "पयल्यांदा मला वाटलं, आईच आली का काय. नावानं हाका मारनारी बाई ती एकच."

मी पदरानं यांचं तोंड पुसलं. राख पुसता पुसता हे हळूच म्हणाले, "आनखी एकदा म्हन की."

"उठा आता," मी म्हणाले.

यांनी बसल्या बसल्या चेन चढवली. मी यांना कॅरिअरवर बसवलं आणि हँडल धरून सायकल ढकलू लागले. म्हातारा वरच्या कडेनं आमच्याबरोबर चालत होता आणि कुठं वळायचं ते सांगत होता. आम्ही बाहेर निघालो तोवर धुकं उचललं होतं. उसाच्या पात्यांवरून पाणी टपकत होतं. गावात शिरलो तर पारावरच्या एकानं विचारलं, "काय राव, वरात काढली का पुन्यांदा?" यांनी हात जोडले. माझी मान खाली होती, पण हसू मला आवरत नव्हतं.

सासूबाईंनी आंबेहळद उगाळून लेप दिला, जुन्या धोतराच्या पट्टीनं पाय बांधला. संध्याकाळी तो म्हातारा विचारपूस करायला आला आणि चहा पिता पिता सगळं सांगून गेला, हाकेसकट. मी चुलीपुढं होते. माझे कान तापले. तो गेल्यावर सासूबाई आत आल्या.

"नाव घेतलंस म्हनं."

"व्हय."

"त्याला ऐकू गेलं का?"

"गेलं."

"मग झालं," त्या म्हणाल्या आणि पिठाचा डबा उघडून माझ्याशेजारी भाकरी थापायला बसल्या. पहिली भाकरी तव्यावर टाकत म्हणाल्या, "आमच्या येळंला असलं काय नव्हतं. माझ्यात बी नव्हती एवढी धमक."

पाय बरा होईपर्यंत हे घरी होते. दुपारी काठी टेकत घळीच्या तोंडाशी येऊन बसायचे, आणि सायकल माझ्या हातात असायची. पदर खोचून मी आधी नुसती ढकलली, मग एका पायानं लंगडत चालवली, मग एके दिवशी उतारानं मला उचललंच. हे मागून काहीतरी ओरडत होते, मला ऐकू येत नव्हतं. खाली मऊ वाळू होती, तिच्यात मी आपोआप थांबले. भिंतीतला एक वेडा राघू तारेसारखी शेपटी हलवत माझ्याकडे बघत होता.

पुढच्या दशकात घळी कमी होऊ लागल्या. गावात जेसीबी आले आणि ज्यानं त्यानं आपापला तुकडा सपाट करून टोमॅटो लावले. आमच्या दिरांनीही आमचा केला. दोन पावसाळे नीट गेले, तिसऱ्यात पाण्यानं बांधाखालून वाट काढली आणि शेताच्या मध्यातून एक ओघळ पडली. दिरांनी ती बुजवली, ती पुन्हा पडली. शेवटी ते म्हणाले, "राहू द्या तिकडं तेवढं."

यांनी पुण्यातून गिअरच्या दोन जुन्या सायकली आणल्या, सुटे भाग जोडून नीट केल्या. मी पंजाबी ड्रेस घालून चालवते तेव्हा सासूबाई ओट्यावरून बघतात आणि शेजारणीला सांगतात, "राख आनाया चालल्यात." घरात आता स्टीलची भांडी आहेत आणि ती साबणानं घासली जातात.

बिबट्याची भीती वाढल्यापासून आम्ही उन्हं चांगली वर आली की मगच निघतो. परवा असेच गेलो. पाऊस होऊन गेला होता, माती नुकती सुकलेली, कुणाच्या पायाचा ठसा नाही. एका भिंतीजवळ माती नव्यानं ढासळली होती आणि तिथं एक घळ दिसली, गेल्या वर्षी नसलेली. अरुंद, वाकडी, आत सावली. हे म्हणाले, "जायचं का?"

मी गिअर उतरवला आणि पुढं झाले. चाकं मऊ मातीत रुतत चालली होती. दोन्ही भिंतींना कोपरं घासत होती, आणि पुढं कुठं तरी पाण्याचा आवाज येत होता.