मानेवर पडलेल्या पायऱ्या

दादाने लावलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ती जागची हलायची नाही. शिक्षण सातवी, पण इंजिनियर त्याला विचारून लेव्हल धरायचे. हे तो स्वतःच सांगत फिरायचा, पण खोटं नव्हतं. असा माणूस शेजारच्या देशात गेला, कारण तिथे पगार दुप्पट.

पगार दुप्पटच होता हो. पण तिथे फरशी लावायला परवाना लागतो, आणि दादाकडे होती नुसती हातातली कला. म्हणून दोन वर्षं तो दुसऱ्यांनी लावलेल्या फरश्या पुसत होता. एखादी वाकडी बसलेली दिसली की ओठ आवळून गप्प. अर्धा पगार खोली खायची. खोली म्हणजे तरी काय, अर्धी खाट! दिवसा तिच्यावर रात्रपाळीचा बेकरीवाला झोपायचा. उशीला येणारा पिठाचा वास, एवढीच त्या दोघांची ओळख.

रविवारी बेकरीवाला बहिणीकडे जायचा. मग दुपारी खोली दादाची आणि फोनच्या पडद्यावर धाकटा भाऊ. धाकट्याचं गावी सलून होतं, एक खुर्ची, एक आरसा.

"दादा, उद्या दुकान विकतोय. गिऱ्हाईक पक्कं झालं. येतोच तुझ्याकडे."

दादाला काय आनंद झाला! "ये की! माझा भाऊ म्हटल्यावर कोण अडवतंय? साहेब माझ्या शब्दाबाहेर नाही." दोन वर्षांत त्याच्याशी पोटभर बोलणारं कुणी भेटलं नव्हतं. दोघं अवघडून झोपले असते, पण बोलत बोलत झोपले असते.

"तुझा तो मोठा फ्रिज दाखव ना."

फ्रिज घरमालकाचा, पण ते कशाला सांगा? फोन खिडकीत टेकवून दादा फ्रिजकडे वळला.

"थांब! हलू नकोस. मागे मानेवर हा जिना कुणी काढला? पायऱ्या मोजता येतात!"

"इथे हीच फॅशन आहे."

"मला शिकवतोस? बारा वर्षं तुझी मान माझ्या हातात होती. स्वतःच कापलेस ना?"

दादा खाली बघत म्हणाला, "इथे एका कटिंगला अर्ध्या दिवसाची मजुरी जाते."

धाकटा उडालाच. "अर्धा दिवस? अरे, मग मी तिथे राजाच की!"

दादाने नुसतं 'हो' म्हणायचा अवकाश होता. ओठांवर आलंही होतं. त्याने उशीकडे पाहिलं.

"राजा नाही रे. परवान्याशिवाय कात्रीला हात लावू देत नाहीत. दुसऱ्यांनी कापलेले केस झाडत बसशील."

"तुला काय माहीत?"

"मी दोन वर्षं दुसऱ्यांच्या फरश्याच पुसतोय."

धाकट्याने चेहरा फोनजवळ आणला.

"दुकान विकू नकोस," दादा म्हणाला. "त्याची फरशी मला लावायचीय. दुसऱ्या कुणाला हात लावू दिलास तर बघ!"

"नाही देणार," धाकटा म्हणाला. "कात्री आहे ना? घे. पाठ कर माझ्याकडे. मान खाली... अजून खाली. डाव्या कानामागचे केस बोटांत धर. घाई नको."

दादा भिंतीकडे तोंड करून बसला. धाकटा दिसत नव्हता. आवाज सांगेल तशी कात्री चालत होती आणि मानेवरून केस घरंगळत होते.

"झालं बघ. आता माणसात आलास."

दादा वळला नाही. मान तशीच खाली ठेवून म्हणाला, "नीट बघ रे. उजवीकडे थोडं राहिलं असेल."