शिक्का सापडत नाही

साकीनाक्याच्या आमच्या शाळेतल्या कारकुनाइतका आळशी माणूस मी पाहिलेला नाही. कुणी मुलीला शाळेतून काढायला दाखला मागितला, की हे कानात पेनाचं टोपण फिरवत म्हणणार, "शिक्का सापडत नाय. उद्या या."

नववीतल्या एकीला तिचा बाप गावी धाडणार होता. त्याने वर्षभर खेपा घातल्या आणि शेवटी वैतागून ओरडला, "चपला झिजल्या माझ्या! राहू दे तिला इथेच." मी शाळेतली शिक्षिका, मलाच लाज वाटली. मी हेडबाईंकडे कारकुनाची लेखी तक्रार केली.

परवा तीच मुलगी दहावी पास होऊन कॉलेजसाठी दाखला न्यायला आली. कारकुनांनी शर्टाच्या खिशातून शिक्का काढला, दाखल्यावर दाणकन उमटवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, सापडला बघा."