पेंढ्यातल्या पेशी

घरात शास्त्रज्ञ असला की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते कुंपणाच्या दगडी गडग्यावरच्या शेवाळासारखे आपोआप धरतात. त्यात माझ्यासारखी इंजिनियरिंग अर्धवट सोडून आलेली मुलगी घरात असली, की ते बघायलाही कोणीतरी मोकळं असतं.

आत्या रत्नागिरीतल्या एका लॅबमध्ये मायटोकॉन्ड्रियावर काम करते. म्हणजे पेशीतली वीजघरं. मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये स्नायू हलवणाऱ्या नसांमधली ही वीजघरं बंद पडत जातात. हात वाळतो, मग माणूस. बरं करणारं औषध नाही. माझे वडील, अण्णा, हे सगळं एका वाक्यात सांगतात, "आमची धाकटी बायो पेशींची वायरमन आहे."

हे ऐकून शेजारचे काका बिघडलेला इन्व्हर्टर घेऊन आले. आत्याने नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग एवढं शिकून केलंस काय?" हाच प्रश्न ते मलाही विचारतात, न शिकल्याबद्दल.

*

वादळात लॅबची लाइट गेली, जनरेटरही बसला. पेशींना अंगाएवढी ऊब लागते. आत्या पेशींच्या बाटल्यांची झाकणं घट्ट करून, त्या घेऊन रडकुंडीला येऊन घरी आली. अण्णांनी आंब्याची पेटी काढली. खाली पेंढा, मध्ये बाटल्या, बाजूला गरम पाण्याच्या पिशव्या, वर पेंढा. हापूस पिकत घालतात तसं! पेशी वाचल्या.

आत्या डोक्याला हात लावून बसली. "रिसर्च पेपरमध्ये पद्धत काय लिहू, दादा? पेंढा?"

"लिही की. सुकलेला म्हणून लिही. ओल्याला बुरशी धरते."

*

पेटी परत बांधताना अण्णांना सुतळीची गाठ मारता येईना. आत्याने त्यांचा उजवा हात हातात घेतला. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधलं मांस बसून खड्डा पडला होता. लॅबच्या भिंतीवर अशाच हाताचा फोटो आहे, मी पाहिलाय. पण मला सगळ्यांनी "अशक्तपणा गो" एवढंच सांगितलं. खोटं बोलण्यातही आळशी लोक.

*

थोरल्या काकांनी तेल आणलं. काकूने ठरवलं, हे माझ्या कॉलेज सोडण्याच्या टेन्शनने झालं. मी म्हटलं, तसं असेल तर तुमच्या मुलाच्या लग्नानंतर तुमचे दोन्ही हात वाळायला हवे होते.

अण्णा डॉक्टरकडे जाईनात. घरातच आहे ना एक, म्हणायचे.

"मी उंदरांच्या पेशी बघते, दादा."

"मग मला उंदीर समज."

आत्या उठून मोरीत गेली. नळ बराच वेळ चालू होता.

*

शेवटी कोल्हापूर गाठलं. तिथे सुया टोचून नसा तपासल्या. मग डॉक्टरांनी अण्णांचं कोपर दाबलं आणि विचारलं, हे कशावर टेकून बसता?

उत्तर मी दिलं.

"गडग्यावर. सकाळ-संध्याकाळ. जाणाऱ्या-येणाऱ्याला मी कॉलेज का सोडलं ते सांगत."

जांभ्या दगडावर टेकून टेकून कोपरातली नस दबली होती. तो आजार नव्हताच! टेकणं बंद करा, हात हळूहळू भरेल, डॉक्टर म्हणाले.

आंबा घाटात आत्याने गाडी थांबवायला लावली आणि दरीकडे तोंड करून खूप वेळ हसली. निदान पाठीमागून तसं दिसत होतं.

*

दुसऱ्या सकाळी अण्णा पुन्हा गडग्यापाशी. कोपराखाली गोणपाटाची उशी, आत पेंढा भरलेला. रस्त्याने चाललेल्या मास्तरांना सांगत होते, "हिने कॉलेज सोडलं हो..."

आत्या लॅबला निघाली होती. थांबली. उशी दाबून पाहिली.

"सुकलेला आहे ना?"