कंपाउंडरचा बार

"रणदिवे, मिस्टर बेकरना त्यांचं ड्रिंक द्या," मी तिसऱ्यांदा म्हटलं.

"शुक्रवारी देतो," रणदिवे म्हणाले.

तो सोमवार होता. संध्याकाळचे सात वाजले होते. काउंटरच्या अलीकडे उंच स्टुलावर मिस्टर बेकर बसले होते आणि पलीकडे आमचे बारमन रणदिवे हाताची घडी घालून उभे होते. चार पावलांवरच्या टेबलाशी आमचे मालक पोपटशेठ पाहुण्यांपुढे काजूची बशी सरकवत हे सगळं बघत होते. पाहुणे म्हणजे एका सॉफ्टवेअर कंपनीचे ॲडमिन मॅनेजर, वानखेडे. त्यांच्या कंपनीकडे येणाऱ्या परदेशी क्लायंटनी पुढची दोन वर्षं कुठल्या हॉटेलात उतरायचं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी ठरणार होतं. बेकर हे त्या क्लायंट मंडळींचे प्रमुख. आणि नेमकं त्यांनाच आमचा बारमन दारू देत नव्हता.

हॉटेल नगर रोडला होतं. मी तिथे एफ अँड बी मॅनेजर होते. हॉटेलात येणाऱ्याच्या तोंडात जे जे जातं, मग ती इडली असो की व्हिस्की, त्याची जबाबदारी या माणसावर असते. माझी आई सदाशिव पेठेत शेजाऱ्यांना 'वैजू केटरिंगला आहे' असं सांगायची. ते काही खोटं नव्हतं. दोन हजार साल उजाडलं की जगभरचे कॉम्प्युटर गोंधळणार, या भीतीवर त्या दिवसांत पुण्यातल्या पुष्कळ कंपन्यांचं बरं चाललं होतं, आणि त्या कंपन्यांच्या पाहुण्यांवर आमचं.

पोपटशेठचा मार्केट यार्डात गुळाचा व्यापार. नगर रोडची वडिलोपार्जित जमीन अचानक मोक्याची झाल्यावर त्यांनी हॉटेल बांधलं. हॉटेलला बार हवा, हे त्यांना आर्किटेक्टने सांगितलं. शेठ स्वतः थेंबाला शिवत नसत. मीही नाही. रणदिवे तर नाहीच. मालक, मॅनेजर आणि बारमन तिघेही न पिणारे असलेला बार मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

रणदिवे मूळचे कंपाउंडर. आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात त्यांनी तीस वर्षं काढली. माझ्या लहानपणी डॉक्टर फक्त नाडी बघत. औषध म्हणजे रणदिवेंनी खिडकीतून दिलेली गुलाबी मिक्स्चरची बाटली. तिच्यावर खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवलेली असायची, एक खाच म्हणजे एक डोस. पुढे डॉक्टर गेले. त्यांचा मुलगा स्पेशालिस्ट झाला आणि नुसत्या चिठ्ठ्या लिहून द्यायला लागला. मिक्स्चर बंद झालं, तसे रणदिवेही बंद झाले. मंडईत एकदा ते भेंडी निवडताना भेटले, तेव्हा मीच त्यांना म्हटलं, "बारमध्ये येता का? काम तेच आहे. मापून द्यायचं."

"पेशंट कोण?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. भेंडी निवडून होईपर्यंत त्यांनी विचार केला आणि पुढच्या सोमवारी ते हजर झाले.

बार त्यांनी दवाखान्यासारखाच चालवला. साठ मिलीचा पेग म्हणजे साठ मिली. माप डोळ्यांसमोर धरून, एक डोळा मिटून ते बघायचे. मुक्कामी गेस्टची स्वतःची बाटली बारमध्ये ठेवायची पद्धत होती. रणदिवेंनी त्या बाटल्यांना खाचांच्या पट्ट्या लावल्या. कोणी ड्रिंक मागितलं की ते पहिल्यांदा विचारत, "जेवणाआधी की जेवणानंतर?" आणि प्रत्येक गेस्टचा एक केसपेपर असे. जुन्या दवाखान्यातली कोरी कार्डं त्यांनी एका पत्र्याच्या डब्यात भरून आणली होती. त्यावर नाव, वय, तक्रार, काय दिलं आणि दुसऱ्या दिवशी कसं वाटलं, एवढं लिहायचं. सगळं मराठीत.

मला वाटलं होतं, गेस्ट वैतागतील. उलट झालं. महिन्यातले वीस दिवस विमानात आणि हॉटेलात काढणाऱ्या माणसाला 'हाऊ आर यू सर' म्हणणारे ढिगाने भेटतात. उत्तर लिहून घेणारा कोणी भेटत नाही. बेकर अमेरिकेहून दर महिन्याला यायचे आणि सामान खोलीत जायच्या आधी रणदिवेंसमोर बसायचे. रणदिवेंचं इंग्रजी बारा-पंधरा शब्दांचं होतं, पण ते सगळे शब्द कामाचे होते. "स्लीप? मोशन? हेडेक?" बेकर मनापासून उत्तरं द्यायचे.

पण शेठनी मुंबईहून एक कन्सल्टंट आणला होता. त्याने बार पाहिला आणि म्हणाला, इथे थ्रिल नाही. बारमनने बाटल्या हवेत उडवल्या पाहिजेत, मुंबईत तसंच चालतं. शेठनी रणदिवेंना महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. बाटली उडवा, नाहीतर दुसरीकडे बघा. छप्पन्नाव्या वर्षी दुसरीकडे बघायला रणदिवेंना काहीच नव्हतं. धाकटी मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. एका सकाळी मी बारमध्ये डोकावले, तर ते रिकामी सोड्याची बाटली वीतभर वर उडवत होते आणि दोन्ही हातांनी झेलत होते. मी तशीच मागे फिरले. त्यांना या लायनीत मी आणलं होतं आणि आता मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

तर तो सोमवार. बेकरनी आल्या आल्या नेहमीचं ड्रिंक आणि तोवर साधा सोडा मागितला आणि एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं. ग्लासाला लोखंडाचा वास येतोय म्हणाले. मी ग्लास बदलला. पुन्हा तेच. शेंगदाणे खाल्ले, ते खिळ्यांसारखे लागतात म्हणाले. मी घाबरले. उद्या कॉन्ट्रॅक्ट आणि आज ग्लास घाणेरडे!

रणदिवेंनी मात्र ग्लासाकडे बघितलंच नाही. त्यांनी बेकरना विचारलं, "मोशन?"

बेकर ओशाळून म्हणाले, शनिवारी कुठेतरी भेळ खाल्ली होती. कंपनीच्या डॉक्टरनी गोळ्या दिल्यात. आता बरं आहे.

"टॅब्लेट शो," रणदिवे म्हणाले. बेकरनी खिशातून पाकीट काढलं. रणदिवेंनी ते दिव्याखाली धरून वाचलं आणि मला म्हणाले, "मेट्रोनिडाझोल. जुलाबाची गोळी. हिनेच तोंडाला लोखंडी चव येते, ग्लास स्वच्छ आहे. हिच्यावर दारू चालत नाही. उद्या कोर्स संपतो, पुढचे दोन दिवस मोकळे सोडायचे. शुक्रवारी देतो."

बेकरना एवढंच कळलं की ड्रिंक मिळत नाहीये. ते हसले आणि म्हणाले, एका छोट्याशा ड्रिंकने काय होतंय, दिवस फार लांबला. तिकडून शेठनी मला बोटाने बोलावलं.

"काय चाललंय मॅडम? गिऱ्हाईक मागतंय आन् ह्यो न्हाई म्हनतोय? आज?"

"औषध चालू आहे म्हणतायत, शेठ."

"ह्यो डाक्टर हाय का बारवाला? द्या म्हनावं."

वानखेडे काजू चावत म्हणाले, "आमच्या क्लायंटला 'नाही' ऐकायची सवय नाही, मॅडम." ते नागपूरचे होते आणि स्वभावाने मोकळे, पण त्यांनी हे हसून म्हटलं नव्हतं.

मी काउंटरशी परत गेले. रणदिवेंना तिसऱ्यांदा सांगितलं. त्यांनी शुक्रवार सांगितला. मग मी काउंटरचं फळकूट उचलून आत गेले, बेकरांची बाटली काढली, साठ मिली मापले, बर्फ घातला आणि ग्लास स्वतः त्यांच्यापुढे ठेवला. तीस वर्षं औषधं दिलेल्या माणसापेक्षा मला जास्त कळतं, असं मला त्या क्षणी खरंच वाटत होतं. माझ्याकडे हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा होता.

रणदिवेंनी मला अडवलं नाही. त्यांनी डब्यातून एक कार्ड काढलं, काहीतरी लिहिलं आणि ठेवून दिलं. मग फडका घेऊन ते काउंटर पुसू लागले.

वीस मिनिटांनी बेकरांचा चेहरा लाल झाला. आधी मला वाटलं, खूश आहेत. मग ते छातीवर हात ठेवून उठले, लॉबीपर्यंत कसेबसे गेले आणि शेठनी उद्घाटनाला लावलेल्या पामच्या कुंडीत ओकले. तिथेच खाली बसले. अंगाला दरदरून घाम, श्वास जोरजोरात. रणदिवे माझ्या आधी पोचले. त्यांनी बेकरांना कुशीवर वळवलं, टाय सैल केला आणि नाडी धरून घड्याळाकडे बघत राहिले. मी फोन करून बोलावलेले डॉक्टर आले. त्यांनी पाकीट बघितलं आणि पहिलाच प्रश्न केला, "यांनी दारू घेतली का?" जिवाला धोका नाही, पण दोन-तीन तास हाल होतील म्हणाले. झालेही.

बेकरना खोलीत नेल्यावर वानखेडे लॉबीत शेठसमोर उभे राहिले. "गोळी चालू असताना दारू काहून दिली?"

शेठनी इकडे तिकडे बघितलं. "बारवाला कोन हाय? त्याला सांगा, उद्या चाव्या दे आन् घरी बस."

दारू देताना शेठनी मला पाहिलं नव्हतं, कारण तेव्हा ते वानखेडेंना पाम कुठून आणला ते सांगत होते. आता मी बोलायला हवं होतं. मी गप्प बसले. रणदिवे पाच हातांवर उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. डबा पिशवीत घातला, "येतो मॅडम" म्हणाले आणि बसस्टॉपकडे निघून गेले. घरी आई म्हणाली, जेवत का नाहीस? मी म्हटलं, पोट बिघडलंय.

सकाळी नऊला सगळे बारमध्येच जमलो, कारण रणदिवे तिथे चाव्या द्यायच्या आधी बाटल्या मोजून देत होते. शेठ होते, वानखेडे होते आणि काठीसारखे सरळ बसलेले, पांढरेफटक बेकर. बेकरनी आपला केसपेपर मागितला. घरच्या डॉक्टरला दाखवायचा होता. रणदिवेंनी तो डब्यातून काढून दिला. पण तो मराठीत, म्हणून वानखेडे एकेक ओळ वाचून इंग्रजीत सांगू लागले.

"जून. झोप नाही. साठ मिली, जेवणानंतर. सकाळी बरे. जुलै. डोके दुखते. दिले नाही, लिंबूपाणी दिले. बरे." बेकर मान हलवत होते. मग शेवटची ओळ आली. वानखेडे आधी मनात वाचून थांबले आणि मग मोठ्याने म्हणाले, "सोमवार. जुलाबाची गोळी चालू. दिले नाही."

"दिले नाही?" शेठ म्हणाले. "मंग कुंडीत काय सरबत हुतं? रणदिवे, हे खोटं लिवलंय का?"

"मी जे देतो तेच लिहितो, शेठ," रणदिवे पाठमोरेच म्हणाले. "दुसऱ्याने दिलेलं माझ्या कागदावर येत नाही. दवाखान्यातला नियम आहे."

"दुसरा कोन?"

रणदिवे बाटल्या मोजत राहिले. अकरा, बारा, तेरा. त्यांनी नाव घेतलं असतं तर मला फार सोपं गेलं असतं. चौदाव्या बाटलीला मी म्हणाले, "मी दिलं. त्यांनी तीनदा नाही म्हटलं होतं. काल सांगायला हवं होतं, घाबरले आणि सांगितलं नाही."

बेकरनी वानखेडेंना विचारलं, ही बाई काय म्हणतेय? वानखेडेंनी सांगितलं. बेकरनी थोडा विचार केला आणि म्हणाले, मी गेली कित्येक वर्षं हॉटेलांत राहतोय. प्रत्येक बारमध्ये मागेल ते मिळालं. नाही म्हणणारा हा पहिला माणूस, आणि त्याचं न ऐकणाऱ्यांत मीही होतो. हा माणूस राहणार असेल तर मी इथेच उतरेन.

वानखेडेंनी याचं भाषांतर करताना शेठच्या डोळ्याला डोळा भिडवला. शेठ गुळाचे व्यापारी होते. भाव पक्का झाला की त्यांना पुन्हा सांगावं लागत नसे. "रणदिवे, चाव्या ठिवा तुमच्यापाशीच," ते म्हणाले. "आन् मॅडम, तुमी महिनाभर काउंटरच्या आत पाय ठिवायचा न्हाई."

कन्सल्टंट परत आला तेव्हा शेठनी त्याला बसवून चहा पाजला आणि पामच्या कुंडीची गोष्ट सांगितली. तो परत मुंबईला गेला.

रणदिवे गेल्यावर झगमगीत दिव्यांना भुलून मी बऱ्याच हॉटेलांत नोकऱ्या केल्या. सतत प्रवास करणारे लोक मला विचारतात, चांगला बार कसा ओळखायचा? मी सांगते, काय मिळतं ते विचारू नका, आजवर काय दिलं नाही ते विचारा. आणि खिशात गोळ्या असतील तर बसायच्या आधी दाखवा, कारण आता कोणी आपण होऊन विचारत नाही.

रणदिवे त्या सोमवारनंतर आठ वर्षांनी रिटायर झाले, तेव्हा मी अजून तिथेच होते. निरोपाच्या दिवशी त्यांनी पत्र्याचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. "तुमच्या डिपार्टमेंटचं रेकॉर्ड," म्हणाले. ते गेल्यावर मी कार्डं चाळली. बेकरांच्या कार्डाच्या मागे एक कार्ड माझ्या नावाचं होतं. बारमध्ये मी कधी थेंब घेतला नव्हता. कार्डावर दोनच नोंदी होत्या.

'वैजू केतकर. सोमवार. तक्रार : सांगितलेले ऐकू येत नाही.'

खाली, दुसऱ्या शाईत :

'मंगळवार सकाळ. आराम आहे. पुन्हा दाखवणे.'